डाव्या हाताचं मागचं चाक

डॅशबोर्डवरचा एवढासा पिवळा दिवा झाकायला माणसानं किती खटपट करावी! तुळशीराम भोईरानं आधी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. अंगणात दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तिचा डिंक पातळ झाला आणि ती घसरून खाली आली. मग त्यानं बायकोच्या, काशीच्या पाकिटातली एक मोठी मरून टिकली काढली आणि दिव्यावर अंगठ्यानं दाबून बसवली. काशी म्हणाली, "आता गाडीला हळदीकुंकवाला बोलवा." तुळशीराम हसला नाही. त्या दिव्याच्या बाबतीत तो कुणाचीच थट्टा ऐकून घेत नसे.

दिवा टायरमधल्या हवेचा होता. अशा नव्या गाड्यांच्या प्रत्येक चाकात, हवा भरायच्या वॉल्व्हला आतून धरून, एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो चाकातली हवा मोजतो आणि चालत्या गाडीला बिनतारी कळवत राहतो. चारही चाकांची खबर आली तर गाडी गप्प, एखाद्याची आली नाही तर दिवा. तुळशीरामच्या गाडीला डाव्या हाताच्या मागच्या चाकाची खबर मिळत नव्हती. स्क्रीनवर तीन चाकांपुढे आकडे दिसत आणि चौथ्यापुढे नुसती रेघ. हवा बरोबर होती, चाकात दोष नव्हता, रेघ मात्र हटत नव्हती.

ही करामत कुणाची ते तुळशीरामला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या धाकट्या भावाची, मनोजची.

ही समजूत त्यानं स्वतःपाशी ठेवली असती तर एक वेळ चाललं असतं. पण गप्प बसेल तो तुळशीराम कसला! चहाच्या टपरीवर, गोडाऊनच्या गेटवर, कुणाच्या साखरपुड्यात, जिथे ऐकणारा मिळेल तिथे तो सुरू व्हायचा. "भांडान जालं आनि लगेच दिवा लागला. आदी कसा न्हाय लागला? चाकाला कायतरी केलंन त्यानं. सख्खा भाव!" ऐकणारे मान हलवत, हळहळत, आणि घरी जाता जाता तीच गोष्ट मनोजच्या ओटीवर टाकून जात. त्या कामात वळ गावात कुणीही आळशी नाही.

एकेकाळी या दोघा भावांचं इतकं गूळपीठ होतं की बघणाऱ्यांना त्याचाच कंटाळा यावा. दसऱ्याला दोघांनी गाड्या घेतल्या त्या एकाच दिवशी, एकाच बनावटीच्या आणि एकाच पांढऱ्या रंगाच्या. दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा मनोजच्या बायकोनं, दिपालीनं विचारलं, "आपली कुठची ती ओळखायची कशी?" मनोज म्हणाला, "जिच्यात बसशील ती आपली."

धंदाही एकच होता, गोडाऊनना हमाल आणि टेम्पो पुरवायचा. रोज सकाळी दोन्ही गाड्या अंगणातून एकामागोमाग निघत. जायचं एकाच ठिकाणी, तर एक गाडी पुरली असती. पण दोघांनाही आपापली गाडी चालवायची हौस होती आणि एकमेकांना सोडून जायची सवय नव्हती, त्याला काय करणार? मनोज पुढे, कारण त्याला दम निघायचा नाही. तुळशीराम मागे, कारण थोरल्यानं लक्ष ठेवायचं. काच खाली करून तो रोज तेच ओरडायचा, "हो पुढं, मी हाय मागं."

मग ऋतिकाचं, म्हणजे मनोजच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. या भागात लग्नापेक्षा हळद मोठी आणि हळदीपेक्षा हळदीचा फ्लेक्स मोठा. तो गावाच्या वेशीवर लागतो. त्यावर नवरीचा फोटो असतो, नवरीपेक्षा मोठे पुढाऱ्यांचे फोटो असतात, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अर्धा गाव गॉगल लावून उभा असतो. फ्लेक्सवाल्यानं घाई केली, मनोजनं मोबाईलमधले फोटो धाडले, आणि त्या गडबडीत नवरीच्या सख्ख्या काकाचा फोटो राहून गेला. गावच्या क्रिकेट टीमचा कप्तान त्या फ्लेक्सवर होता. तुळशीराम नव्हता.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "अरे, माझा फोटो विसरलास बघ," आणि हळदीत नाचून मोकळा झाला असता. तुळशीरामनं घरात जाऊन कडी लावली. मनोजनं त्याच दिवशी नवा फ्लेक्स छापून आणला. त्यावर सगळ्यात वर, सगळ्यात मोठा, फेटा बांधलेला तुळशीराम. तो फ्लेक्स तसाच गुंडाळी करून खांद्यावर घेऊन मनोज थोरल्याच्या दारात उभा राहिला आणि हाका मारत राहिला. मांडवातला बँजो थांबला. बायकांची गाणी थांबली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुळशीराम आतून बोलला, "मना भाव न्हाय. तुजी वाट तुला, माजी मना."

तो फ्लेक्स लग्न होईपर्यंत वेशीवर झुलत राहिला. तुळशीराम मागच्या वाटेनं जात-येत राहिला, म्हणजे स्वतःचं तोंड बघायला नको. लग्नानंतर अंगणाच्या मधोमध पत्रे उभे राहिले. सकाळी दोघं वेगवेगळ्या वेळी निघू लागले, आणि काही दिवसांतच तुळशीरामच्या गाडीत तो दिवा लागला.

दोन वर्षं अशी गेली. आणि यंदा होळी झाल्यावर, एका सकाळी तुळशीराम चहा पीत बसला असताना, पत्र्यापलीकडे मनोजची गाडी सुरू झाली. एवढ्या लवकर हा कुठे निघाला, असं त्याच्या मनात आलं. जाईना का कुठे, आपल्याला काय, हेही त्याच मनात आलं. त्यानं कपातला चहा संपवला.

मनोजच्या छातीत कळ आली होती. दिपाली म्हणत होती, दादांना हाक मारते. मनोज नको म्हणाला. तिला गाडी येत नव्हती. तिला शेजारी बसवून त्यानं स्वतःच गाडी चालवत दवाखाना गाठला, गाडी पार्किंगमध्ये नीट सरळ लावली, आणि आत नेल्यावर थोड्याच वेळात गेला.

अग्नी ऋतिकानं दिला. खांदा द्यायला तुळशीराम पुढे झाला तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही, पण कुणी बाजूला सरून जागाही करून दिली नाही. मग तो लोकांच्या मागून चालत राहिला.

दहावं झालं, तेरावं झालं. ऊन वाढलं तशी एका दुपारी दिव्यावरची टिकली गळून त्याच्या पायाशी पडली. दुसरी मागायला तो स्वयंपाकघरात गेला. काशीनं पाकीट पुढे केलं. त्या रंगीत टिकल्या बघून त्याला पत्र्यापलीकडची दिपाली आठवली, मोकळ्या कपाळाची, आणि तो रिकाम्या हातानं परत फिरला.

आता गाडीत बसलं की दिवा थेट डोळ्यांसमोर. दिवा दिसला की दोन वर्षांच्या सवयीनं मनोजचा राग येई, आणि दुसऱ्या क्षणी आठवे की ज्याचा राग यायचा तो माणूसच राहिला नाही. मेलेल्या भावावर रोज सकाळी चिडायचं हे तुळशीरामला झेपेना. सेन्सर बदलून टाकावा, दिवा एकदाचा विझावा, आणि भावाबद्दलचा हा राग तरी आपल्या छातीवरून उतरावा, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून तो अंजूरफाट्याला बुद्धभूषणच्या दुकानात आला.

बुद्धभूषणचं टायरचं आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान रस्त्याला लागूनच होतं. तो मनोजच्या वर्गातला, शाळेत त्याच्याच बाकावर बसणारा. मनोजच्या मयताला तो शेवटपर्यंत थांबला होता. तुळशीरामला बघून तो "या शेठ" म्हणाला, पण बसा म्हणाला नाही.

"डाव्या हाताच्या मागच्या चाकाचा सेन्सर गेलाय," तुळशीराम म्हणाला. "काढून टाक. नवा घाल."

"गेलाय कशावरून?"

"दिवा लागतोय ना!"

"दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. कधी हवा कमी असते, कधी सेन्सरची बॅटरी संपते, कधी वेगळंच काहीतरी असतं. आधी बघतो. बघितल्याशिवाय मी टायर सोडवत नाही."

त्यानं आतून एक जाडजूड यंत्र आणलं. दिसायला जुन्या वायरलेस फोनसारखं. पुढच्या उजव्या चाकाच्या वॉल्व्हजवळ ते धरून त्यानं बटण दाबलं. यंत्र पीं करून वाजलं. त्याच्या पडद्यावर चाकातली हवा आली, बॅटरी ठीक असल्याचं आलं, आणि एक लांबलचक नंबर आला. तो पुढच्या डाव्या चाकाकडे गेला. पीं. मागच्या उजव्या. पीं. मग तो त्या बदनाम चाकापाशी उकिडवा बसला. तुळशीराम जवळ येऊन वाकला.

पीं.

"बोलला की," बुद्धभूषण म्हणाला. "हवा बरोबर दाखवतो. बॅटरी चांगली. सेन्सर ठणठणीत हाय."

"मंग दिवा कशाचा?"

बुद्धभूषणनं स्टिअरिंगखाली एक वायर जोडली आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये काय भरलंय ते वाचलं. प्रत्येक सेन्सरला त्याचा स्वतःचा नंबर असतो आणि गाडीला तिच्या चार सेन्सरांचे नंबर शिकवून ठेवलेले असतात, हे त्यानं वाचता वाचता सांगितलं. गाडी त्या चौघांचंच ऐकते, बाकी कुणी कितीही ओरडलं तरी तिच्या लेखी ते नाहीच. तीन नंबर जुळले. चौथा जुळला नाही.

"शेठ, हे चाक तुमच्या गाडीचं न्हाय," तो म्हणाला. "तुमची गाडी ज्याची वाट बघते तो सेन्सर दुसऱ्याच गाडीत हाय."

तुळशीरामच्या तोंडावर रक्त चढलं. इतकी वर्षं जे ओरडून सांगितलं त्याचा पुरावाच हातात आला होता. "मंजे चाकच बदललं त्यानं! मी बोलत व्हतो का न्हाय? सगल्यांना सांगत व्हतो मी..."

"चाक तुम्ही बदललंत."

"मी?"

"एकवीरेला गेला होतात. चैत्रात. आठवतंय?"

तुळशीरामला पटकन आठवेना. मग आठवलं, आणि एकदा आठवल्यावर सगळंच आठवत गेलं. घाट. रणरणतं ऊन. मनोजच्या गाडीचं डाव्या हाताचं मागचं चाक पंक्चर, गाडीत बायका, पोरं आणि म्हातारी आत्या. नव्या गाड्यांना स्टेपनी देतात ती बारीक, तात्पुरती, भरल्या गाडीनं घाट चढायला ती नको वाटत होती. तुळशीरामच्या गाडीत तो, काशी आणि नारळांची पोती. मनोज नको नको म्हणत असताना त्यानं स्वतः जॅक लावला, आपल्या गाडीचं तेच चाक काढून भावाच्या गाडीला बसवलं, आणि ती बारीक स्टेपनी आपल्या गाडीला घेतली. हात ग्रीसनं माखले होते. मनोज बाटलीनं हातावर पाणी ओतत होता आणि दोघं कशावरून तरी हसत होते. कशावरून, ते काही केल्या आठवेना.

घरी आल्यावर मनोजच्या चाकाचं पंक्चर काढलं, आणि ते चाक तुळशीरामच्या गाडीला लागलं ते लागलंच. परत अदलाबदल कोण करत बसतंय? एका अंगणातली दोन चाकं. तुझं काय नि माझं काय.

"पन तवा दिवा न्हवता लागत," तुळशीराम म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "चैत्र जाऊन किती दिस जाले तरी न्हवता लागत. भांडान जालं आनि लागला."

"कसा लागेल?" बुद्धभूषणनं वायर गुंडाळायला घेतली. "रोज तुम्ही दोघं एकामागोमाग जायचात. तुमचं चाक मनोजच्या गाडीत, पण पुढे दहा-पंधरा पावलांवर. त्याची खबर तुमच्या गाडीला मिळायची. मनोजचं चाक तुमच्या गाडीत, त्याची खबर त्याच्या गाडीला मिळायची. कधी एकटे गेलात तर लागलाही असेल थोडा वेळ, परत दोघं रस्त्याला लागलात की विझला. तुम्ही बरोबर जायचं सोडलंत, शेठ. म्हणून दिवा लागला. दुसरं काय न्हाय."

तुळशीराम तिथल्या एका जुन्या टायरवर बसला. रस्त्यावरून कंटेनर जात होते, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. ज्या दिव्याकडे बोट दाखवून त्यानं गावभर भावाला चोर ठरवलं, तो दिवा त्यांचं एकत्र जाणं सुटल्याची साक्ष देत होता. आणि आपण काय केलं? त्यावर टिकली लावली.

"तुला हे सगलं कसं म्हायती? घाटातलं?"

"मनोजच्या गाडीतही हाच दिवा लागला होता. तुमच्याच बरोबर. तो लगेच आला माझ्याकडे. असंच बघितलं, असाच नंबर जुळला नाही. मी बोललो, अरे, कुणाचं चाक आणलंस? तर आधी तो हसला. एकवीरेची सगळी गोष्ट सांगितली, हसत हसत. मग तिथंच, तुम्ही बसलाय ना, तिथं बसून रडला."

तुळशीराम टायरवर जरा बाजूला सरकला.

"मी बोललो, पाच मिनिटांचं काम आहे. गाडीला हा नंबर शिकवतो, दिवा जाईल. तर नको बोलला. बोलला, 'ह्ये दादाचं चाक हाय माज्याकडं. नंबर शिकिवला तं ते माजं व्हयेल. दादा येल कवातरी, तवा दोगांचं एकदम बघू.'"

"मंग मना कनाला न्हाय सांगितलंस रं?" तुळशीराम ओरडलाच. "दोन वर्सं! येकदा सांगायचं!"

बुद्धभूषणही चढ्या आवाजात बोलला, "त्यानं शपथ घातली होती मला! बोलला, तू सांगायला गेलास तर दादाला वाटेल मीच धाडलं. त्याचा तो येऊ दे. आणि तुम्ही काय सांगत फिरत होतात ते त्याच्या कानावर येत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? रोज येत होतं. तरी एक शब्द बोलला नाही तुमच्याबद्दल. हवा भरायला आला की एकच विचारायचा, दादा येऊन गेला काय? दर वेळेला. शेवटी शेवटी मला त्याला नाही म्हणायची लाज वाटायची."

मग बुद्धभूषणनं पाण्याची बाटली आणून तुळशीरामच्या हातात दिली. राग त्याचाही ओसरला होता. "करू काय?" त्यानं हळू विचारलं. "या चाकाचा नंबर शिकवतो तुमच्या गाडीला. दिवा जाईल."

"नको," तुळशीराम म्हणाला. "राहू दे."

तो घराकडे निघाला तो एकच गोष्ट मनात धरून. दिपालीसमोर जायचं आणि हे सांगायचं. माफी मागायची की नुसतं चाकाचं सांगायचं हे त्याला कळत नव्हतं, पण पत्र्याच्या पलीकडे जायचं हे ठरलं होतं. पत्रे उभे राहिल्यापासून त्यानं तो उंबरा ओलांडला नव्हता. भाऊ गेला त्या दिवशीही तो अंगणातच उभा होता.

घरापाशी आला तर मनोजची गाडी गेटातून बाहेर पडत होती.

स्टिअरिंगवर एक अनोळखी माणूस होता. दिपाली गेट धरून उभी होती. तुळशीराम गाडीतून उतरेपर्यंत मनोजची गाडी वळणावर पोचली.

"कुटं चालली गाडी?"

"अंबाडीकडच्या मानसानं घेतली," दिपाली म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. "ऋतिकाच्या घरी दोन हायत. मना येत न्हाय चालवाया. अंगनात नुसती उबी बघून जीव जायचा."

"दिपाली, मना येक सांगायचं हाय. त्या चाकाचं..."

"मना म्हायती हाय चाकाचं."

तुळशीरामनं गेटाकडे एक पाऊल टाकलं.

"बाजूला बसून रोज बघत व्हते मी तो दिवा. सांगितलं व्हतं त्यांनी." तिनं गेटाची कडी उगाचच वर-खाली केली. "त्या सकालीबी लागलेला व्हता. छातीला येक हात, येक हात स्टिअरिंगला, आनि सारखं आरशात बघत व्हते. मी बोलले, मागं काय बघताव, पुढं बघा. तं बोलले, सवय हाय."

तुळशीरामनं गेटाला हात टेकला.

"ते असताना यायचं व्हतं, दादा," दिपाली म्हणाली आणि आत गेली. गेट तिनं लावलं नाही, पण या असंही म्हणाली नाही.

तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला असता. पण गाडी लांब चालली होती, आणि तिच्याबरोबर त्याचं चाक. तो आपल्या गाडीत बसला आणि तिच्या मागे निघाला.

अंजूरफाट्याच्या गर्दीत मनोजची गाडी सापडली. भिवंडीच्या गर्दीला आयुष्यभर शिव्या घातलेल्या तुळशीरामनं त्या दिवशी पहिल्यांदा तिचे आभार मानले. एक टेम्पो आणि दोन रिक्षा मागे टाकून तो बरोबर त्या गाडीच्या पाठीशी लागला. तीच पांढरी पाठ. मागच्या काचेवर आई एकवीरेचा तोच स्टिकर, कोपऱ्यात थोडा फाटलेला. नजर खाली डाव्या हाताच्या चाकावर गेली. ते त्याचं चाक होतं, आणि ते फिरत होतं.

भिवंडीतून बाहेर पडून गाड्या वाड्याकडच्या रस्त्याला लागल्या. थोडं अंतर गेलं असेल नसेल, स्क्रीनवरची रेघ गेली. तिच्या जागी आकडा आला. मग पिवळा दिवा विझला.

दोन वर्षं चिकटपट्टीनं, टिकलीनं जे झालं नव्हतं ते आपोआप झालं होतं. पुढे मनोजची गाडी, मागे आपली. उन्हात पुढच्या गाडीच्या काचा चमकत होत्या आणि आत कोण बसलंय ते मागून दिसत नव्हतं. न दिसलं तेच बरं, असं त्याला वाटलं. हा रस्ता वाड्याच्याही पुढे जावा, कुठेही जावा, संपू नये.

वाटेत मनात आलं, हॉर्न वाजवावा. त्या माणसाला थांबवावं, सगळं सांगावं, चाकं बदलून घ्यावीत. दोन्ही गाड्या बाजूला उभ्या करून जॅक लावला की झालं, माणूस नाही म्हणणार नाही. आपलं चाक आपल्याला मिळेल. हात हॉर्नवर गेलाही. मग त्याला कळलं की आपलं चाक घ्यायचं तर मनोजचं चाक उतरवून द्यावं लागेल. आपल्या गाडीखाली हे जे फिरतंय ते मनोजचं, आणि आता आपल्यापाशी त्याचं तेवढंच आहे. त्यानं हात काढून घेतला.

अंबाडी नाक्यावर पुढची गाडी चहाच्या टपरीपाशी थांबली. तुळशीरामही थांबला आणि उतरला. तो माणूस त्याच्याकडे आला. चाळिशीचा, साधा, जरा घाबरलेला.

"काका, काय पाहिजे काय? मगाचपासून मागं हायत तुम्ही."

"न्हाय, काय न्हाय," तुळशीराम म्हणाला. "मना वाटलं मागच्या चाकात हवा कमी हाय. डाव्या हाताच्या."

"त्या बाई बोलल्या होत्या, टायरचा दिवा लागतो म्हणून. निघताना लागलेला होता. आता गेला आपोआप." माणूस खूश होता. "चांगली गाडी हाय. कुणीतरी जपून वापरलेली दिसते."

"जपून वापरलेली," तुळशीराम म्हणाला. "त्या चाकाला जप. चांगलं चाक हाय ते."

माणसानं हो म्हटलं. तुळशीरामच्या डोळ्यांना काय झालंय ते त्याला कळलं नसावं, किंवा कळूनही त्यानं विचारलं नाही. तो चहा प्यायला, हात हलवून निरोप घेऊन गाडीत बसला. गाडी सुरू झाली. आवाज तोच, त्या सकाळी चहा पिताना ऐकलेला. आज तुळशीराम उठून उभा होता.

गाडी नाक्यावरून वाड्याच्या दिशेनं वळली. तुळशीरामनं आपल्या गाडीत बसून काच खाली केली.

"हो पुढं," तो बोलला. पुढचं त्याच्यानं बोलवेना.

गाडी दिसेनाशी झाल्यावर त्यानं आपली गाडी परत फिरवली. चाकाची खबर तुटल्याचं गाडीला उशिरा कळतं; बराच वेळ आकडा तसाच होता आणि दिवा विझलेलाच होता, म्हणून तो हळू चालवत होता. मागचे लोक हॉर्न मारून पुढे जात होते. मग डाव्या हाताच्या मागच्या चाकापुढचा आकडा गेला आणि रेघ आली. रेघेच्या मागोमाग दिवा लागला.

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडला, मयताच्या दिवशी रडायला हवं होतं तसा. "मन्या," त्यानं हाक मारली. लहानपणी मारायचा तशी. मग तोंड पुसून तो दिवा तसाच उघडा ठेवून घरी गेला.